पाण्याकडे तोंड करून

हे धरण तुम्ही वरून पाहिलंत, पाहुणे. आता जरा खाली या, काठाशी. इथं गवत उगवत नाही बघा. नाचणाऱ्या पायांनी ते केव्हाच मारून टाकलंय. नवं भात घरात आलं की आमचा करवंदपाडा इथं नाचतो. बाकी सगळीकडे तारपा, म्हणजे आमचं भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, वाजवणारा मधे असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. आमच्याकडे सगळे पाण्याकडे तोंड करून उभे राहतात आणि तारपा मागून वाजतो. तोही बाईच्या तोंडी. असं का, ते माझी आई सांगायची.

जुना पाडा या पाण्याखाली आहे. धरण भरलं तेव्हा माणसं गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन वर टेकडीवर आली. नाचाची जागा मात्र कुणाला उचलून आणता येईना. धाकल गावंडा हा पाड्याचा तारपेवाला. त्यानं तारपा आढ्याला टांगला आणि म्हणाला, "जागा गेली. आता नाच कसला?" त्या साली नाच झाला नाही. पुढच्या सालीही नाही.

मग म्हणे पाड्याच्या पायांत काहीतरी शिरलं. बसलेली माणसं उठत, उठलेली उगाच आत-बाहेर करत. तव्यावर भाकरी टाकून बाई अंगणात येई, आणि का आले ते तिला आठवत नसे. गुरं दावी तोडून पाण्याशी जात आणि तिथं हंबरत उभी राहत. देवाचं बघणाऱ्या देवजी भगतानं दाणे टाकून कौल पाहिला, कोंबडं दिलं, पण उतार पडेना. एका संध्याकाळी रावजी नावाचा म्हातारा "घरी जाऊन येतो" म्हणाला आणि सरळ पाण्यात चालत गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत वर आलं.

धाकलची मुलगी मंजी. ती बापाला म्हणाली, "बाबा, तारपा खाली काढा."

"कुणासाठी? आणि वाजवू कुठं?"

"मग मी वाजवते."

देवजी भगत तिथंच होता. तो उसळला. "बाईचं तोंड तारप्याला लागलं तर देव पाडा सोडून जाईल!"

"देव खालीच राहिला, देवजीकाका," मंजी म्हणाली. "वर आलो ते आपण."

बापानं तारप्याला हात लावू दिला नाही. तेव्हा मंजीनं शपथ घेतली, की पाड्याचे पाय थाऱ्यावर येईपर्यंत मी बसणार नाही. ती उभ्यानं जेवे, कुडाला टेकून डुलकी घेई. तारप्याचा सूर तुटता कामा नये, म्हणून पाण्याच्या हंड्यात बांबूची नळी बुडवून न थांबता फुंकायची सवय करी. तिच्या हिरड्यांतून रक्त येई, असं सांगतात.

मग ती संध्याकाळ आली. दिवेलागणीला आधी गुरं उतरली, त्यांच्यामागून माणसं. कुणी कुणाला हाक मारली नाही. सगळा पाडा उतार उतरून पाण्यात शिरू लागला, आणि सगळ्यांच्या पुढे धाकल. मंजी ओरडली. एकानंही मान वळवली नाही. तशी ती घराकडे पळाली, आढ्याचा तारपा ओढून काढला आणि इथं, या काठावर, सगळ्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत, पाहुणे. रांगतं मूलही दाखवत नाही. मंजीनं सूर धरला. गुडघाभर पाण्यातली माणसं थबकली. एकेक जण वळू लागला. देवजी भगतही वळला. धाकल मात्र छातीइतक्या पाण्यात तसाच उभा. मंजीच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, पण सूर तुटला नाही. शेवटी म्हणे धाकलनं मान फिरवली, मुलीकडे पाहिलं, आणि पाण्यातच त्याच्या पायांनी ठेका धरला. मंजी उलट्या पावलांनी चढ चढू लागली. एकमेकांच्या कमरेला हात घालून सगळा पाडा नाचत तिच्यामागून वर आला.

सकाळी देवजीनं तारप्यासाठी नवा भोपळा आणून तिच्या हातात दिला.

मंजीनं त्या संध्याकाळचाच नाच बसवला. पाड्यातल्या पोरींना तारपा शिकवला. पुढं शहरातल्या मोठ्या नाट्यगृहांतून बोलावणी येऊ लागली. एके ठिकाणी लोक म्हणाले, "सुरुवातीला तोंड प्रेक्षकांकडे करा, पाठ बरी दिसत नाही." मंजी म्हणाली, "तुमच्याकडे आम्ही वळून येणार. आधीच समोर उभे राहिलो तर वळू कशाला?" त्यांना ते पटलं. नंतर पार गुजरातच्या हद्दीपर्यंतचे पाडे तिच्याकडे शिकायला आले. त्या सगळ्यांची ती म्होरकी झाली.

आजही इथला नाच तिच्याच रीतीनं होतो. शेवटचा माणूस वळेपर्यंत वाजवणारीनं थांबायचं नाही. आणि पाणी अजून ओढतं, खोटं कशाला सांगू? गेल्या साली सगळे वळले, एक जण वळेना. तो आमच्या पाड्याचा नव्हता. दुसऱ्या कुठल्या धरणात बुडालेल्या गावचा, तुमच्यासारखा नुसता बघायला आलेला. केव्हा पाण्यात उतरला, कुणी पाहिलंही नाही. कुणी त्याला ओढलं नाही, हाकही मारली नाही. आमची पोर वाजवत राहिली. तिचे ओठ सुजले, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. उजाडायला आलं, तेव्हा तो वळला.