मौनटेकडीचा इनास

मौनाचा नियम लिहिणाऱ्यांनो, मरणाऱ्या आईला तुम्ही तिच्या मुलाच्या तोंडचा एक शब्द मिळू दिला नाहीत. आता त्या नियमाचं पुढे काय झालं, ते ऐका.

वसईत फिरंग्यांचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बर्फाळ डोंगरातून सहा पाद्री आले आणि दांडेवाडीच्या टेकडीवर त्यांनी मठ बांधला. मठ कसला, एकमेकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या सात खोल्या. प्रत्येक खोलीला उंच भिंतीआड एवढंसं अंगण. पांढरे झगे घालायचे, मांस खायचं नाही, शुक्रवारी नुसती भाकरी नि पाणी, आणि बोलायचं ते फक्त देवाशी. जेवण भिंतीतल्या एका भोकातून आत जायचं. भोक मध्येच वळवलेलं, म्हणजे देणाऱ्याला घेणाऱ्याचा हातसुद्धा दिसू नये. जेवून वाडगा पालथा बाहेर सरकवला, की समजायचं, आतला जिवंत आहे. प्रत्येकजण आपल्या अंगणात आपलीच कबर खणायचा. रोज एक मूठ माती, असं म्हणतात.

सातव्या खोलीत गावातलाच इनास गेला. वय वीस. त्याची आई इंत्रू उंबऱ्यावर म्हणाली, "नको बोलू जन्मभर. पण मी जाताना एकदा 'आय' म्हण." इनासने मान डोलावली.

वर्षं गेली. सहाही पाद्री एकेक करून गेले. इनासने त्यांना ज्याच्या त्याच्या अंगणात पुरलं, वर बिननावाचे क्रूस रोवले आणि पुन्हा आपलं दार लावून घेतलं. त्याची बहीण रेमेद रोज दुपारी भाकरी घेऊन टेकडी चढायची आणि पालथा वाडगा घेऊन उतरायची. अशी सोळा वर्षं.

मग इंत्रूने अंथरूण धरलं. तीन दिवस झाले, जीव जाईना. डोळे टेकडीकडे लागलेले. भर दुपारी रेमेद धावत वर गेली आणि भोकात तोंड घालून ओरडली, "दादूस, आय चालली रे! एकदा हाक मार, मी खाली जाऊन सांगते तिला!"

तिने भिंतीवर मूठ आपटली.

"अरे, शब्द दिलायस तू तिला! देव काय जीभ कापून घेणार आहे तुझी?"

आत दगडावर लाकूड घासल्याचा आवाज झाला, आणि पालथा वाडगा बाहेर सरकला.

रेमेदने तो भिंतीवर फेकला आणि मिंगेल सुताराला ओढत वर आणलं. मिंगेल दारापाशी थबकला. "बाय, मठाचं दार फोडलं तर पाप लागेल."

"माझ्या नावावर लाव. फोड."

दार फुटलं. खोलीत बोटभर धूळ, खुंटीवरच्या झग्याला कोळिष्टकं. जमिनीवर पावलाची एकही खूण नाही. अंगणातली कबर भरलेली, वरची माती सारखी केलेली, आणि तिच्यातून उगवलेला जाड बुंध्याचा चाफा. मिंगेलने बुंध्यावर हात ठेवला. लाकडाचं वय त्याला हातानेच कळायचं.

"दहा वर्षांचा तरी आहे," तो म्हणाला, आणि त्याने हात झटकन मागे घेतला.

सहा जणांना इनासने पुरलं. इनासला कोणी पुरलं?

रेमेद उतरून घरी पोचली, तेव्हा इंत्रू गेली होती. शेजारीण म्हणाली, "आत्ता, या घटकेला गेली. 'ऐकलं रे बाळा,' म्हणाली आणि हसली. आम्ही चौघी इथेच होतो गो. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही."

तेव्हापासून दांडेवाडीत कुणी जायला टेकलं, की टेकडीकडचं दार उघडतात आणि घर गप्प होतं. प्रार्थनासुद्धा मनातल्या मनात. रडतं मूल शेजारी नेतात, कोंबड्यांवर टोपली घालतात. याला 'इनासला वाट देणं' म्हणतात. चर्चमध्ये ज्यांना हे आवडत नाही, तेही आपल्या घरी हेच करतात.

गेल्या मे महिन्यात पास्कू तात्यांच्या वेळी सगळे असेच बसले होते. मुंबईहून आलेला जावई चुळबुळत होता. शेवटी त्याने घड्याळ बघितलं आणि पुटपुटला, "अर्धा तास झाला. कुठे काय बोलतोय तो?"

दारात बसलेल्या फिलू मावशीने मागे वळूनही पाहिलं नाही.

"कसा बोलेल, जावयबापू? तुमचं संपायची वाट बघतोय तो."