ज्वरलेखेचे अभयवचन

पूर्वी त्रेतायुगाच्या उतरत्या काळी, पयोष्णीच्या तीरावरील ताम्रक नावाचे जनपद धनधान्याने संपन्न असता, रुद्राच्या निःश्वासातून जन्मलेली ज्वरलेखा नावाची देवता तेथे अवतरली. तिचा स्पर्श होताच अंगावर आरक्त पुरळ उठे, नेत्र निखाऱ्यांसारखे जळत, आणि चिता रचणारेच पुढे चितेवर चढत.

पाण्यात विष मिसळले असे मानून राजा वीरकेतूने विहिरी बुजवल्या. तरीही ज्वर हटेना, तेव्हा त्याने रोगग्रस्त गावे जाळण्याची आज्ञा दिली. ते ऐकून वनौषधींचे उपासक वृद्ध आर्जव मुनी राजसभेत आले.

"राजन, शत्रूचा मार्गच ठाऊक नसता अस्त्र कोणावर सोडतोस? मला पौर्णिमेपर्यंत अवधी दे."

राजाने अवधी दिला. मुनी दारोदार हिंडले. आधी कोण आजारी पडले, त्याच्या उशाशी कोण बसले, ते माणूस पुढे कोठे गेले, हेच ते विचारीत. विहिरी बुजण्यापूर्वी एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी एक ओस पडले होते, दुसरे धडधाकट होते. मात्र रोगी गावातले वऱ्हाड जेथे जेथे उतरले, तेथे तेथे ज्वर पोचला होता. ज्वरलेखा जलातून येत नाही, ती श्वासातून, शुश्रूषा करणाऱ्याकडेच प्रथम जाते, हे उमगताच मुनी आश्रमाकडे धावले. त्यांची पत्नी ऋतंभरा तेथे रुग्णांच्या उशाशीच होती.

ते परतले तेव्हा ती तापाने फणफणली होती.

"दूर बसा," ती क्षीण स्वरात म्हणाली.

"आता उठवत नाही गं," म्हणत मुनी तिच्याजवळच बसून राहिले.

तोच ज्वरलेखा प्रकटली. "मुने, मीही श्रांत आहे. मला चरण नाहीत. माणसेच मला वाहून नेतात. सर्वांनी मला शाप दिले, तू एकट्याने माझी वाट विचारलीस. एक वर माग. हिचे प्राण माग!"

मुनींचे ओठ हलले. पण ऋतंभरेने त्यांचा हात दाबला. "माझ्यासाठी नको. उशाशी बसणाऱ्यांसाठी मागा."

मुनी ज्वरलेखेकडे वळले. मग म्हणाले, "देवी, ज्याला एकदा स्पर्शून सोडशील, त्याला पुन्हा कधीही शिवू नकोस."

"तथास्तु!"

ऋतंभरा गेली. मुनीही आजारी पडले, पण वाचले. त्यांच्या सांगण्यावरून राजाने आपली आज्ञा मागे घेतली. ज्वरातून उठलेले तेवढेच रुग्णांजवळ राहू लागले, इतर दूर राहिले, आणि नवा श्वास न मिळाल्याने ज्वरलेखा त्या जनपदातून निघून गेली. तेव्हापासून तो ज्वर मनुष्याला जन्मात एकदाच येतो, असे सांगतात.

आर्जव मुनी मात्र पुढे कित्येक वर्षे गावोगावी परक्यांच्या उशाशी बसले. अनेकदा त्यांनी मनोमन तिची वाट पाहिली. पण ज्वरलेखा आपल्या वचनाला जागली.