अल्मासखान घोड्यावरून उतरला

बोरदऱ्यात घरं थोडी आणि बाभळी फार होत्या, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा कुठल्याशा सुलतानाचा एक सरदार होता, अल्मासखान. तो समुद्रापलीकडच्या हबशांच्या मुलखातून आला होता. असं म्हणतात, तो इतका उंच होता की घोड्यावर बसला तरी त्याचे पाय गवताला लागत.

एका माघात तो तीन हजार स्वार घेऊन आमच्या शिवाराशी आला. मागे शत्रूची फौज लागली होती. समोरची खिंड ओलांडली की सगळे वाचणार होते. पण खिंडीची वाट दाण्यावर आलेल्या ज्वारीतून जात होती, आणि गावाचं वर्षाचं धान्य त्या ताटांवर उभं होतं.

फौज दिसताच गाव डोंगरात पळालं. एकटी म्हातारी कोंडाबाई राहिली. ती शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं राखत होती. तिनं धोंडा भिरकावला, तो खानाच्या ढालीवर खणकन आदळला.

स्वारांनी तलवारी उपसल्या. खान मात्र हसला.

"माय, मी पाखरू नाही."

"दाणं खातंय ते समदं पाखरूच," कोंडाबाई म्हणाली. "तुजी घोडी काय उपाशी जानार हायेत व्हय?"

"इथं थांबलो तर आम्ही मरू."

"आन् तुडवून गेलास तर आमी. तू आज मरशील, आमी आखाडापातूर. येवढाच फरक."

खान घोड्यावरून उतरला. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि पीक खाऊ नये म्हणून कोळपणीच्या बैलाला मुसकी घालतात तसा घोड्याच्या तोंडाला बांधला. लगाम धरून तो बांधावरून चालू लागला. ते पाहून सगळे उतरले. असं म्हणतात, त्या दिवशी तीन हजार डोकी उघडी झाली, आणि तीन हजार घोडी एकामागे एक, कणसांच्या मधून, तोंड न हलवता गेली.

पण बांध अरुंद आणि रांग लांब. अर्धी फौज खिंडीत पोचली तेव्हाच मागे धूळ दिसली.

"हुजूर, आता तरी घोड्यावर बसू द्या," जमादार म्हणाला.

"चालत राहा," खान म्हणाला. मग चाळीस माणसं घेऊन तो उलटा फिरला आणि शेताच्या तोंडाशी उभा राहिला.

असं म्हणतात, सूर्य त्या दिवशी डोंगरावर अडकून बसला होता. शेवटचा स्वार खिंडीपार गेला तेव्हाच तो खाली सरकला. आणि तेव्हाच खान पडला. कंटाळलेला शत्रू आल्या वाटेनं माघारी गेला. पिकात तोही शिरला नाही.

गाव खाली आलं. कोंडाबाईनं सगळं शेत फिरून पाहिलं. एक ताट मोडलेलं नव्हतं. मग ती खानापाशी जाऊन बसली, आणि तिला उठवायला चौघांना जावं लागलं.

त्याला पुरायचं कसं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. "ज्वारी दिसंल असं निजवा," कोंडाबाई म्हणाली. तसंच केलं. पुढं एक फकीर आला, कबर पाहून म्हणाला, "अरे, तोंड पश्चिमेला हवं होतं." गाव घाबरलं. फकिरानं वळून शेताकडं पाहिलं. मग म्हणाला, "राहू द्या. त्याला हेच पाहायचं असेल."

आमच्याकडे त्याचा मोठा उरूस नाही. पण त्या बांधावरून आजही कुणी बसून जात नाही. गाडीवान उतरतो, मोटारसायकल ढकलत नेतात, नवरदेवही घोड्यावरून उतरतात.

गेल्या वर्षी परगावचा एक नवरदेव अडून बसला. शेरवानी धुळीत लोळेल म्हणाला. शेजारच्या वाफ्यातून पारूमावशी खुरपं घेऊनच उठली.

"तीन हजार घोड्यांचा धनी उतरला, आन् तू भाड्याच्या घोड्यावर बसून जानार?"

सगळं वऱ्हाड हसलं. नवरदेव लाल झाला आणि उतरला. चार पावलं गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मावशी, चपलापण काढायच्या का?"

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "काटं हायेत. त्यालाबी आवडायचं न्हाई."