कातळाखालचं पाणी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा विहिरी पहार-छिन्नीनं खोदत, आणि पाणी कुठे लागेल हे सांगायला पाणाड्या बोलावत. अशाच एका पाणाड्याचं नाव होतं म्हाळोजी. उंबराची दुबेळकी, दोन फाट्यांची फांदी दोन्ही हातांत धरून तो माळावरून चालायचा. फांदी खाली वळली की तिथे पाणी. पंचवीस वर्षांत त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता.

एका उन्हाळ्यात कातळावरच्या एका गावानं त्याला बोलावलं. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती आणि तिचा तळ दिसू लागला होता. पाटलांनी म्हाळोजीच्या गळ्यात हार घातला. बायका रिकाम्या घागरी घेऊनच त्याच्यामागे चालू लागल्या.

म्हाळोजी सकाळभर फिरला. फांदी काही हलेना. गावाच्या वरच्या चढावर आला तेव्हा त्यानं मागे पाहिलं. सगळं गाव डोळ्यांत प्राण आणून त्याच्या हातांकडे बघत होतं. "मला कळत नाही" हे तीन शब्द त्याच्या तोंडून फुटले नाहीत. त्यानं मनगट हळूच फिरवलं. फांदी वळली.

"इथे खोदा," तो म्हणाला.

खोदकाम हौसाई नावाच्या बाईकडे होतं. तिचा जन्म दगड फोडण्यात गेला होता. तिच्याबरोबर दोन गडी होते. बारा माणसं एकावर एक उभी राहतील इतकं खोल ते गेले, तरी पाण्याचा थेंब नाही. म्हाळोजी काठावर बसून रोज एकच सांगायचा, "अजून खाली."

एके दिवशी हौसाई वर आली आणि तिनं त्याच्या हातावर दगडाची एक कपची ठेवली. कपची कोमट होती. तिच्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ होतं.

"बाबा, खोदणं थांबवा," ती म्हणाली. "पावसाचं मुरलेलं पाणी थंड असतं. ही कपची ज्या पाण्यानं तापलीय, ते त्याच्याही खालचं आहे. कातळाच्या पोटात किती काळ कोंडलंय, कोण जाणे. दगडाची धग आणि दगडाचं मीठ अंगात घेऊन बसलंय. फट मिळाली की उसळून वर येईल, आणि उतारानं थेट गावच्या विहिरीत जाईल."

म्हाळोजीला ते पटलं. त्याच्या आजोबांनीही अशा पाण्याबद्दल सांगितलं होतं. पण थांबायचं तर जागा चुकली हे कबूल करायला हवं होतं.

"तू घाव घाल," तो म्हणाला. "पाणी ओळखायचं काम माझं आहे."

हौसाई पहार घेऊन पुन्हा खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहार एका भेगेत गेली आणि खालून फुसफुस आवाज आला. हौसाईनं दोन्ही गड्यांना आधी शिडीवर ढकललं. ती स्वतः शेवटी चढली, तोवर उकळतं पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. वर ओढून घेतली तेव्हा तिच्या पायांची कातडी सोलवटून निघाली होती.

पाणी काठावरून वाहू लागलं. संध्याकाळपर्यंत ते गावच्या विहिरीत उतरलं, आणि होतं तेवढं गोडं पाणीही खारट झालं.

चावडीवर माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "हौसाईनं घाव वाकडा घातला असणार." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

पाटलांनी विचारलं, "म्हाळोजी, आधी काही खूण दिसली होती का? कुणी काही सांगितलं होतं?"

"नाही," म्हाळोजी म्हणाला.

एवढा एकच शब्द. तेवढ्यावर ठरलं की पाय बरे झाले की हौसाईनं गाव सोडायचं. म्हाळोजीला मात्र कुणी दुखावलं नाही. उलट वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. त्या हातात घेताना त्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तो हौसाईच्या झोपडीपाशी गेला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पायांवर कोरफडीचा गर लावून ती पडली होती. त्याला पाहून ती उठून बसायला लागली.

"बाबा, एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी बोलले, ते तुम्हाला नीट ऐकू आलं नाही का? धूळ खाऊन माझा घसा बसला होता. मीच हळू बोलले असेन. जरा मोठ्यानं सांगितलं असतं, तर गावाचं पाणी वाचलं असतं."

म्हाळोजीच्या हातून भाकऱ्यांचं गाठोडं गळून पडलं. आपला दोष ती स्वतःच्या घशावर घेत होती.

"हौसाई, मला सगळं ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "प्रत्येक शब्द."

मग तो चावडीवर गेला. सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं सांगितलं: फांदी वळली नव्हती, मी वळवली. हौसाईनं कपची दाखवली होती, मी तिला गप्प केलं. काल तुम्ही विचारलंत, तेव्हाही मी खोटं बोललो.

कुणी त्याच्यावर ओरडलं नाही. माणसं एकेक करून उठली आणि निघून गेली. चावडीवर तो एकटाच राहिला.

हौसाई गावातच राहिली. गावानं चर खणून गरम पाणी दूर ओढ्याकडे वळवलं. विहीर पुन्हा गोडी व्हायला तीन पावसाळे लागले. तोवर बायका दोन कोसांवरून पाणी आणत, आणि त्यांच्या रांगेत शेवटी म्हाळोजी खांद्यावर कावड घेऊन चालत असे. पहिली घागर तो हौसाईच्या दारातल्या रांजणात ओती. तिचे पाय बरे झाले, पण चाल कायमची लंगडी झाली. ती हसून बोलायची. तो तिच्या पायांकडे कधी बघू शकला नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, एवढं ध्यानात ठेवा: आपली चूक झाकण्यासाठी आपण गप्प बसतो, तेव्हा तिचे चटके दुसऱ्या कुणालातरी सोसावे लागतात.