रेड्याच्या गळ्यात माळ

एका गावात सुपडू नावाचा एक भोळा माणूस होता. 'भोळा' हा शब्द त्याच्या मायचा. गावाचा शब्द छापण्याजोगा नाही.

सुपडूला भिकातात्यांच्या सुंदराशी लग्न करायचं होतं. सुंदरालाही तो आवडायचा. त्याने तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "माझ्या तळहातावर केस उगवतील, तेव्हा देईन पोरगी!"

सुपडू खूश झाला. नकाराची भीती होती, इथे तर फक्त केसांचाच प्रश्न होता. तो रोज सकाळी माक्याचं तेल घेऊन जायचा आणि तात्यांचे तळहात चोळायचा. तात्यांच्या हातून तांब्या निसटला, काठी निसटली. शेवटी धीरही सुटला.

"अरे, रेडा दूध देईल तेव्हा ये!"

सुपडू चरवी घेऊन घरच्या रेड्याखाली बसला. रेड्याने लाथ मारली.

मायने गुडघ्याला हळद लावली. "सोन्या, 'अमुक होईल तेव्हा तमुक' असं कोणी म्हटलं, तर समजायचं, ते होणार नाही. नमस्कार करायचा आणि निघायचं."

"कधीच होणार नाही?"

"कधीच. बस आता, भाकरी फुगेल तेव्हा वाढते."

सुपडूने नमस्कार केला आणि उपाशीच झोपला. न्हावी म्हणाला, "हे गिऱ्हाईक उठेल तेव्हा तू बस." त्यालाही नमस्कार. दाढी छातीपर्यंत आली.

तिकडे सुंदराने अन्न सोडलं. "लग्न करीन तर सुपडूशीच!" तात्या नमले. सुदैवाने ते रागात होते, त्यामुळे वाक्य छोटं झालं, "घेऊन जा!"

मांडव पडला. अंतरपाट धरला. गुरुजी सुपडूच्या कानात म्हणाले, "हा दूर होईल, तेव्हा माळ घाला."

सुपडूचा चेहरा पडला. त्याने गुरुजींना नमस्कार केला, अंतरपाटाला केला आणि माळ घेऊन चालू लागला. मुलाकडची काही रीत असेल म्हणून कोणी अडवलं नाही. मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. समोर रिकामा पाट.

सगळं वऱ्हाड धावत सुपडूच्या गोठ्यात आलं. माळ रेड्याच्या गळ्यात होती.

"अरे, हे काय केलंस?" तात्या ओरडले.

"तात्या, तुम्ही सगळे उगाच आशा लावता. हा एकटा पहिल्याच दिवशी सरळ नाही म्हणाला."

मागच्यांना फक्त माळ दिसली. त्यांनी अक्षता टाकल्या. वाजंत्री सुरू झाली.

सुंदरा म्हणाली, "तात्या, रेड्याचं लागलं. आमचं कधी?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. "ह्याला अक्कल येईल तेव्हा!"

सुपडूने वाकून नमस्कार केला.