वर चल, सुकवारो

ऐका बरं, आणि मधेच 'मग पुढं काय' विचारू नका, माझी लय तुटते.

फार वर्षांपूर्वी कोरंडी नदीच्या काठी सोनझाऱ्यांची वस्ती होती. नदीची वाळू लाकडी काठवटीत घोळायची आणि सोन्याचे कण काढायचे, हाच त्यांचा धंदा. त्या कणाला ते म्हणत 'रंग'. त्यांच्यातच होती सुकवारो. अंगानं काटकुळी, पण जिभेला हाड नव्हतं.

एका साली वाळूतला रंगच संपला. झालं! गावचा मालगुजार म्हणाला, "सोनं नाही, तर सोनझारी कशाला? अकितीच्या सणापर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत रंग दाखवा, नाहीतर झोपड्या उचला. या गाळाच्या जमिनीत कसलं आलंय सोनं? मडकी करा मडकी!"

वस्ती रडकुंडीला आली. जो तो खालच्या वळणावरच वाळू उपसत बसला, कारण बापजाद्यांना तिथंच मिळालं होतं. सुकवारो कडाडली, "अरे, नदी का सोनं पिकवते? कुठून तरी आणते ना! वर चला."

कोणी हललं नाही. मग ती एकटीच निघाली.

असं म्हणतात, प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी ती एक काठवट घोळायची. रंग दिसला तर त्याच ओढ्यानं वर, नाही तर पुढचा ओढा. खालचे कण घासून गुळगुळीत झालेले असत, इथले बोटाला टोचू लागले. "टोचतोस होय रे? म्हणजे घर जवळ आलं तुझं!" ती हसली.

एकविसाव्या दिवशी तांबडा कडा लागला. त्याच्या वरच्या अंगाला घोळून पाहिलं, तर रंग नाही. आणि कड्यात, खांद्याएवढ्या उंचीवर, गोल गोल गोट्यांचा थर! डोंगरात नदीचे गोटे? तिनं कान लावला. असं म्हणतात, आत पाणी खळखळलं. डोंगराच्या पोटात एक जुनी नदी निजली होती! सुकवारोनं थर खरवडला, घोळला, आणि काठवट पिवळीधमक झाली.

अकितीच्या सकाळी तिनं ती मालगुजाराच्या ओट्यावर ठेवली. "रंग दिसला का, मालक?" आता बोला! एक झोपडी हलली नाही, ढोल मात्र तीन दिवस वाजला.

आजही अकितीला कोरंडीकाठी घरटी एक काठवट घोळतात. घरातली म्हातारी विचारते, "रंग दिसला?" दिसला, तर ढोल. न दिसला, तर 'नाही' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. अख्खं गाव एका आवाजात ओरडतं, "वर चल!"