गोंद्याची आई आणि साळूमावशी

फार जुन्या काळी एका रानात गोवराची साथ यायची. म्हणून साळूमावशी ही साळिंदर आपला काटा औषधात बुडवून पिल्लांना टोचत फिरायची.

रंभा वानरीण मात्र आपल्या पिल्लाला, गोंद्याला घेऊन शेंड्यावर जाऊन बसली. "आमचा गोंद्या फार नाजूक आहे, मावशी! बाकीच्यांना टोचलंय ना? मग साथ येईलच कशी?"

"परवा हाच नाजूक गोंद्या बाभळीत पडला आणि हसत बाहेर आला," मावशी म्हणाली. रंभेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढे दुसऱ्या रानातला एक वानर खोकत पाहुणा आला. गोंद्या तापाने फणफणला, अंगभर पुरळ उठलं. त्याच्याशी खेळणारं जाई वानरिणीचं तान्हंही आजारी पडलं. ते तर टोचण्याच्या वयाचंही नव्हतं. रंभा दोघांच्या उशाशी बसून राहिली. कशीबशी दोघं वाचली.

पुढच्या वर्षी रंभाच मावशीबरोबर झाडोझाड हिंडू लागली. एक आई कुरकुरली, "टोचल्यावर बाळ रडेल गं!"

"रडू दे की," रंभा म्हणाली. "जाईच्या तान्ह्याला रडायचंही त्राण उरलं नव्हतं."